मोकळ्या खिडकीचे मोल

रुग्णालयास वातानुकूलन यंत्रे भेट देण्याची इच्छा अनेक दानशूर व्यक्ती आमच्याकडे व्यक्त करतात. त्यांच्या सद्भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि सामान्य कक्षासाठी देऊ केलेली अशी एक देणगी अहवाल वर्षात आम्ही दात्यांच्या संमतीने अन्य कामाकडे वळविली. त्याचे कारण सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शस्त्रक्रियागृहाची यंत्रणा वेगळी. तेथे हवा गाळून घेतली जाते. भिंतीवरील नेहमीचे स्प्लिट यंत्र मात्र बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतीलच हवा ते पुनःपुन्हा थंड करते. खोकल्यावाटे बाहेर पडलेले क्षयरोगाचे जंतू अशा कोंडलेल्या हवेत कित्येक तास तरंगू शकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सामान्य कक्षांत नैसर्गिक वायुवीजनासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवेचे प्रमाण सुचविले.

पेरू देशातील लिमा शहरातील रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर तेथील खोल्यांतील हवा ताशी सरासरी २८ वेळा बदलली. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांसाठी हे प्रमाण १२ होते. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आमच्या जुन्या इमारतीच्या उंच छताबद्दल, रंगकामाच्या खर्चापायी, आम्ही आजवर केवळ कुरकुरच करीत आलो होतो!

दिवेलागणीला डासांच्या भीतीने खिडक्या लावल्या जातात, ही खरी अडचण आहे. घरी तर बंद खोलीत कॉइलही पेटते. एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असू शकतात, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले. दम्याचा रुग्ण येथून बरा होऊन जातो आणि त्याच धुरात निजतो. घरी मच्छरदाणी लावावी, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, एवढे नातेवाइकांनी अवश्य करावे. शेजारी कचरा जळत असेल तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावून घेणेच इष्ट.

उपरोक्त देणगीतून सामान्य कक्षाच्या सर्व खिडक्यांना डासप्रतिबंधक जाळ्या बसविल्या. धूळ साचलेली जाळी हवा अडविते; त्यामुळे दरमहा जाळ्या धुण्याचा खर्च आम्ही देखभालीच्या अंदाजपत्रकात समाविष्ट केला आहे.