अडीच टनी ट्रक: वेग हवा की ॲव्हरेज?

अमेरिकी सैन्याचा एम-35 हा सहाचाकी ओढीचा ट्रक 1950च्या सुमारास मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या रिओ कंपनीने घडवला. रस्ता नसेल तिथे अडीच टन माल पोचवायचा हे त्याचं काम, म्हणून सैनिकांनी त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हटलं. सैन्याने लिलावात काढलेले हे ट्रक आज अनेक हौशी लोकांकडे आहेत आणि त्यांची मागणी बहुधा एकच असते: हायवेवर गाडी जोरात पळावी आणि तिने डिझेलही कमी प्यावं. पण या एका दमात मागितलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. बदल कोणताही केला, तरी त्याचा फायदा वेगात घ्यायचा की ॲव्हरेजमध्ये, हे मालकाला ठरवावंच लागतं. आणि या ट्रकच्या बाबतीत शहाणपण ॲव्हरेजच्या बाजूला आहे.

एम-35च्या ए-2 आवृत्तीचं गणित सोपं आहे. तिचं 7.8 लिटरचं सहा सिलिंडरचं मल्टिफ्युएल इंजिन मिनिटाला 2600 फेऱ्यांच्या पुढे चालवायचं नसतं. अॅक्सलमधलं प्रमाण 6.72 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला जवळजवळ सात फेऱ्या घ्याव्या लागतात. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा असूनही 9.00-20 टायरांवर गाडी ताशी 90 किलोमीटरला थांबते. तिन्ही अॅक्सलमधले दाते बदलणं खर्चाचं आणि कटकटीचं. म्हणून बरेच जण मोठे टायर घालतात. याच सैन्याच्या नव्या ट्रकांचे 395/85 आर 20 रेडियल टायर सुमारे 15 टक्क्यांनी मोठे आहेत. ते घातले की ताशी 80ला लागणाऱ्या 2300 फेऱ्या 2000वर येतात. मागच्या जोडचाकांऐवजी एकेकच चाक ठेवलं, तर दहाऐवजी सहा टायर उरतात आणि रस्त्याचं घर्षणही घटतं. या इंजिनाची खरी ओढ दीड हजार फेऱ्यांच्या आसपास असल्याने 2000वर ते निवांत चालतं.

हाच फायदा वेगात घेतला, तर ताशी 100चा पल्ला गाठता येतो. पण समोरून भिंतीसारख्या सरळ असलेल्या या गाडीला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80वरून 100वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो आणि टायरांनी वाचवलेलं डिझेल हवा खाऊन टाकते. इंधनपंप वाढवून ताकद मिळवली, तर एक्झॉस्टचं तापमान चढतं.

यावर एक आक्षेप असा की मोठ्या टायरांनी चढावर गाडी दमते. ते खरं आहे. सुमारे 130 अश्वशक्तीवर, रिकामी असतानाही सहा टनांच्या आसपास भरणारी गाडी ओढायची, म्हणजे घाटात खालचा गिअर लवकर टाकावा लागणारच. पण हौशी मालक सहसा रिकामी गाडी चालवतो. दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. त्याला सैन्यानेच उत्तर दिलेलं आहे: पुढच्या ए-3 आवृत्तीत कॅटरपिलर इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि एकेरी रुंद टायर आले. जुने सुटे भाग जपून ठेवले, तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

सगळ्यात गंभीर आक्षेप ब्रेकचा आहे आणि तो खोडता येत नाही. हवेची मदत असली, तरी ए-2चे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक एकाच सर्किटवर चालतात; एक नळी फुटली की सगळी चाकं ब्रेकविना होतात. मोठ्या चाकामुळे त्याच ड्रमला जास्त ताण सोसावा लागतो. त्यात मूळ स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो: तो 80 सांगतो तेव्हा गाडी 92ने धावत असते. म्हणून क्रम असा असावा: आधी दोन सर्किटांचे ब्रेक, मग टायर, मग स्पीडोमीटरची दुरुस्ती. एवढं झाल्यावरही काटा 80च्या पुढे नेऊ नये.