हजेरीच्या रजिस्टरातले गुन्हेगार

वऱ्हाडात घरोघरी जातं फिरत होतं तेव्हा टाकणकराची वाट पाहिली जाई. दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ भरड पडतं. मग ओसरीवर छिन्नी-हातोडीची टकटक सुरू होई आणि टाकी लावून झाली की पसाभर ज्वारी पदरात पडे. त्याचाच भाऊबंद फासेपारधी रानात फास रोवून तित्तर-लावे धरायचा. इंग्रजी दप्तराने मात्र पारध्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला.

त्याआधी ठगांचा बंदोबस्त झाला होता. ठगांच्या टोळ्या होत्या, ‘रामासी’ ही सांकेतिक बोलीही होती. पण 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा केला. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळीच्या जागी अख्खी जमात बसवली. 1911 मध्ये तो देशभर लागू करता येऊ लागला: नाव रजिस्टरात, अंगठ्याचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी.

रशियात गोष्ट उलट्या दिशेने घडली. झारच्या काळातही चोरांच्या टोळ्या होत्या; ‘ओफेनी’ म्हणजे फिरत्या फेरीवाल्यांच्या बोलीतून त्यांची ‘फेन्या’ भाषा आली. पण ‘वोर व झाकोने’, चोरांच्या कायद्याने चालणारा चोर, घडला तो 1920-30 च्या दशकांत, सोव्हिएत तुरुंगांत आणि गुलागच्या छावण्यांत. सरकारी काम करायचं नाही, संसार थाटायचा नाही, कमाईतला वाटा ‘ओब्श्चाक’ या सामाईक गल्ल्यात टाकायचा. दुसऱ्या महायुद्धात जे फौजेत गेले ते परतल्यावर गद्दार ठरले आणि छावण्यांत चोरांनीच चोरांचे मुडदे पाडले. तिथे कोंडवाड्याने टोळी जन्माला घातली.

वऱ्हाडात टोळीचा संशय आधी आला, पोट मारलं गेलं ते वेगळंच. 1853 मध्ये प्रांत इंग्रजांकडे आला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, अकोला-अमरावतीची काळी जमीन कपाशीखाली गेली. गवताळ रानं आटली, जंगलावर सरकारी कायदा बसला. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकीचं कामही गेलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा उरलासुरला धंदाही बेकायदा झाला. पोटाचा धंदा काढून घ्यायचा आणि चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्याच बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, घालायची, हा न्याय नव्हे.

31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण 1959 मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि ठाण्यातली नजर फारशी बदलली नाही.

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्यात पारधी मुलांसाठी एक आश्रमशाळा उभी राहिली. तिचं नावच ‘प्रश्नचिन्ह’. 2019 मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचा काही भाग पाडला गेला.