रक्तदाब आणि हृदयाची भिंत

"गोळ्या बंद केल्या, आता काहीच त्रास नाही," हे वाक्य बँकेच्या काउंटरवर आम्हाला वारंवार ऐकायला मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले निवृत्त शिक्षक, एस.टी.चे कंडक्टर, तलाठी रांगेत उभे राहून एकमेकांच्या शुगरची आणि बी.पी.ची चौकशी करतात, त्यात ते हमखास येते. त्रास नसतो हे खरेच आहे. परंतु वाढलेला रक्तदाब काहीही त्रास न देता हृदयात कोणते फेरबदल घडवितो आणि ते आता डोळ्यांनी कसे पाहता येतात, हे सभासद बंधुभगिनींना व विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा वाचून जे समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

हृदयाच्या चार कप्प्यांपैकी डावीकडचा खालचा कप्पा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील डावी जवनिका किंवा निलय, सर्व शरीराला रक्त पुरवितो. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके. रक्तवाहिन्यांतील दाब वाढला की प्रत्येक ठोक्याला त्याला जादा जोर लावावा लागतो. जुवाखाली वर्षानुवर्षे राबणाऱ्या बैलाच्या खांद्याला जसा घट्टा पडतो, तशी या कप्प्याची भिंत जाड होत जाते. पैलवानाचा दंड भरला तर आपण कौतुक करतो. हृदयाचे मात्र तसे नाही. येथे स्नायूंचे तंतू जाड होतातच, शिवाय त्यांच्यामध्ये चिवट धाग्यांचे जाळे साचते. भिंत ताठर बनते. ठोक्यानंतर कप्पा पुरेसा सैल होत नाही, नीट भरत नाही, मागे फुप्फुसात रक्त तुंबते आणि जिना चढताना दम लागतो. माणूस म्हणतो, वय झाले.

ही भिंत पूर्वी दिसत नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये डॉ. ब्रुएन यांनी तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता व एक्स-रेमध्ये हृदय मोठे झालेले दिसले. रक्तदाबावर चांगले औषध त्या काळी नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. असो. एक्स-रेमध्ये हृदयाची केवळ सावली पडते. भिंत आतल्या बाजूने जाड होत असेल तर सावलीत फरक पडत नाही. ई.सी.जी.मध्येही पुष्कळांची जाडी निसटून जाते.

वाट सापडली ती स्वीडनमध्ये. लुंड येथील डॉ. इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक हेलमुट हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातून धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र उसने आणून पाहिले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाचा पहिला प्रतिध्वनी नोंदविला. तत्त्व विहिरीत हाक मारण्याचेच. कानाला ऐकू न येणारा ध्वनी छातीतून सोडायचा. तो मांसातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, भिंतीच्या अलीकडच्या व पलीकडच्या कडेवरून परततो, आणि दोन प्रतिध्वनींमधील वेळेवरून जाडी निघते. हाच आपला इको. यात एक्स-रेसारखे किरण नाहीत. ही जाडी साधारणतः पुरुषांत १० व स्त्रियांत ९ मिलिमीटरपर्यंत असावी. रिपोर्टवर 'एल.व्ही.एच.' लिहिले असेल तर भिंत जाडावली आहे असे समजावे. पुष्कळजण 'ई.एफ. ६० टक्के' एवढेच वाचून निर्धास्त होतात. तो आकडा हृदय किती रक्त बाहेर टाकते ते सांगतो. भिंत जाड व ताठर असूनही तो उत्तम येऊ शकतो. डॉक्टरांना दोन्ही विचारावे.

जाडीला एवढे महत्त्व का? अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तेथील ३,२२० निरोगी माणसांचे इको काढून चार वर्षे लक्ष ठेवले असता, ज्यांच्या डाव्या कप्प्याचे वजन जास्त होते त्यांना हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका अधिक आढळला. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो २००४ चा निष्कर्ष. रक्तदाबाच्या ९४१ रुग्णांचे उपचार चालू असताना दरवर्षी इको काढले गेले. ज्यांच्या हृदयाचे वाढलेले वजन औषधाने उतरले, त्यांच्यात झटका, पक्षाघात व मृत्यू कमी झाले. म्हणजे हा घट्टा उतरू शकतो. मात्र त्याला वर्षे लागतात, आठवडे नव्हेत. मध्येच गोळी सोडली की दाब पुन्हा वर जातो, आणि भिंतीवर पुन्हा तेच ओझे येते.

स्नायूंमध्ये धाग्यांचे जाळे किती साचले, हे इकोला नीट सांगता येत नाही. त्यासाठी हृदयाचा एम.आर.आय. आहे. त्यात औषध टोचून डागाळलेला भाग उजळ दिसतो. परंतु तो अभ्यासासाठी व अवघड रुग्णांसाठी. रक्तदाबाच्या प्रत्येक माणसाने कर्ज काढून नागपूर गाठावे, असे मुळीच नाही. इकोदेखील डॉक्टरांनी सांगितला तरच. आधी दाब मोजावा, ई.सी.जी. काढावा, लघवी व रक्त तपासावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी असावे. त्यात ठेचा, लोणचे, पापड सारे आले. तंबाखूचा, विशेषतः खर्ऱ्याचा, विषय निराळा लिहावा लागेल.

शेजारच्या वर्धा जिल्ह्याने या कामी एक चांगला पायंडा पाडला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड आरंभीच झाली. त्याची रीत साधी आहे : ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि जो तारखेला आला नाही त्याला निरोप.