मिर्यामसाठी सारे थांबले



मोशेची बहीण मिर्याम हिची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्या अंगावर कोड उठले आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. मुलांना गोष्ट सांगताना आपण बहुतेक इथेच थांबतो. पण तोरात पुढेही सांगते, की मिर्यामला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. भर वाळवंटात एका बाईसाठी सगळे थांबले!

नर्सिंगच्या नोकरीत मला या गोष्टीची फार वेळा आठवण झाली. साथीच्या रोगात माणसाला वेगळे ठेवावेच लागते, त्याला इलाज नाही. पण वेगळे ठेवलेल्या माणसाला "माझी कोणीतरी वाट बघतंय" हे कळायला हवे. ते कळले नाही तर अंगातला ताप उतरतो आणि मनातला तसाच राहतो. टोरांटोत हे मी दोनदा पाहिले, एकदा सार्सच्या वेळी आणि पुन्हा कोविडच्या वेळी.

सार्सचे दिवस

२००३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईबरोबर सार्स टोरांटोत आला. मार्चमध्ये तो स्कारबरोच्या एका इस्पितळात पसरला आणि २६ मार्चला ऑन्टॅरिओ सरकारने आणीबाणी जाहीर केली. साथ संपेपर्यंत कॅनडात ४३८ रोगी व संशयित रोगी झाले आणि ४४ माणसे गेली. गेलेल्यांत दोन नर्स आणि एक डॉक्टर होते.

रोगी काही शेकडा, पण क्वारंटाइनमध्ये बसवलेली माणसे हजारो. नियम कडक होते. दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही, दिवसातून दोनदा ताप मोजायचा, घरच्या माणसांसमोरही मास्क लावायचा, ताट-पेला वेगळा आणि झोपायचे वेगळ्या खोलीत. आम्हा काही नर्सेसना फक्त कामापुरती सूट होती. घर ते इस्पितळ, इस्पितळ ते घर, वाटेत दूध घ्यायलासुद्धा थांबायचे नाही. माझ्या एका सोबतिणीचा सहा वर्षांचा मुलगा रोज रात्री दाराखालून एक चित्र आत सरकवायचा. ती म्हणायची, "त्या कागदांवरच मी दहा दिवस काढले गं!"

बाहेर मात्र वेगळेच चालले होते. बसमध्ये आमचा गणवेश दिसला की शेजारची जागा रिकामी व्हायची. चायनाटाउनमधली हॉटेले ओस पडली, जणू रोग त्या लोकांनीच आणला! साथ आली की कोणावर तरी खापर फोडायचे ही जुनी खोड आहे. १३४८ च्या सुमारास युरोपात प्लेग आला, तेव्हा विहिरीत विष टाकल्याचा आळ यहुद्यांवर आला होता. आपण तरी हे विसरू नये.

पुढे टोरांटोतल्या डॉक्टरांनी क्वारंटाइनमध्ये राहिलेल्या १२९ जणांची पाहणी केली. ती २००४ मध्ये छापून आली. त्यांतल्या सुमारे २९ टक्के लोकांना मोठ्या धक्क्यानंतर होतो तसा त्रास होत होता, आणि ३१ टक्के लोकांत उदासीची लक्षणे होती. क्वारंटाइनचे दिवस जितके जास्त, तितका धक्क्याचा त्रास जास्त. तेव्हा दार लावायचे तर गरजेपुरतेच लावावे, आणि ते का लावले व कधी उघडणार हे माणसाला नीट सांगावे.

इस्पितळात काम करणारेही सुटले नाहीत. टोरांटोचे माउंट सायनाय इस्पितळ १९२३ मध्ये यहुदी बायकांनी पैसा जमवून सुरू केले. तिथले मानसरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट माँडर आणि त्यांचे सहकारी यांनी सार्सनंतर एक-दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हाही टोरांटोचे कर्मचारी हॅमिल्टनच्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त थकलेले, खचलेले आढळले. ज्यांना शिकवण, संरक्षण आणि धीर पुरेसा मिळाला असे वाटत होते, त्यांना त्रास कमी होता. धीर देणे हेसुद्धा औषधच आहे, बरं का!

मुंबईचा प्लेग

आपल्या पणजोबांच्या काळातही असेच घडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रथम सापडला तो मांडवीत, जिथे आपले १७९६ चे शाआर हारहामीम सिनेगॉग आहे. सरकारने रोग्यांना घरातून उचलून नेणे सुरू केले. नेलेल्या माणसाचे पुढे काय होते हे कोणी सांगेना, म्हणून लोक रोगापेक्षा इस्पितळाला जास्त घाबरू लागले. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. रोगी लपवले गेले आणि साथ आणखी पसरली.

त्याच मुंबईत यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास हुकूम सोडून मिळत नाही, तो असा मिळवावा लागतो.

कोविडने काय शिकवले

मार्च २०२० मध्ये ऑन्टॅरिओतल्या वृद्धांच्या केअर होमची दारे भेटायला येणाऱ्यांना बंद झाली. पहिल्या लाटेत कॅनडातले सुमारे ८० टक्के मृत्यू अशा होममधल्या म्हाताऱ्या माणसांचे होते. कितीतरी लेकी-सुनांनी काचेबाहेर उभे राहून हात हलवला. ज्यांची स्मृती गेली होती त्यांना "ही आत का येत नाही?" हेच कळत नव्हते. त्या वर्षीचा पेसाहचा सेदर आपल्यातल्या पुष्कळांनी फोनवर केला. पुढे सरकारलाही कळले, की रोज भरवायला, बोलायला येणारे घरचे माणूस म्हणजे नुसता पाहुणा नव्हे. त्याच वर्षी अशा जवळच्या माणसांना आत जाण्याची परवानगी मिळाली.

साथ पुन्हा येईल, कधी ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून आजी-आजोबांनो, या गोष्टी आजच ठरवून ठेवा.

एक, रोज ठरलेल्या वेळी फोन करणारे एक माणूस ठरवा. वेळ ठरलेली असली की दिवसाला आधार मिळतो. "कशाला उगाच त्रास द्यायचा" असे म्हणू नका.

दोन, बातम्या दिवसातून एक-दोनदाच बघा, त्याही सरकारी आरोग्य खात्याच्या.

तीन, उठणे, आंघोळ, जेवण, शब्बाथचा दिवा, सगळे वेळच्या वेळी करा. घरातल्या घरात का होईना, चाला.

चार, साथ संपली म्हणजे मन लगेच जागेवर येते असे नाही. झोप येत नाही, रडू येते, माणसांत जावेसे वाटत नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाब सांगतो ना, तसेच हेही सांगायचे. त्यात लाज कसली?

बाळांनो, आता तुमच्यासाठी. घरात कोणी आजारी पडले, तर ती तुमची चूक नसते. भीती वाटली तर आईबाबांना विचारा, आणि मोठ्यांनी खरे तेच, पण थोडक्यात सांगावे. तुम्हाला मोठे कामही करता येईल. आजीला रोज एक चित्र पाठवा किंवा फोनवर एक गोष्ट वाचून दाखवा. आणि घरी बोलता येत नसेल तर किड्स हेल्प फोन आहे, १-८००-६६८-६८६८, दिवसरात्र चालू.

मोठ्यांपैकी कोणाला जगणे नको वाटू लागले, तर कॅनडात कुठूनही ९८८ हा नंबर फिरवा. नोव्हेंबर २०२३ पासून ही सोय चोवीस तास आहे, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. भाषेची अडचण असेल तर नातवाला शेजारी बसवा, पण फोन करा.

आणि हे वाचून झाल्यावर, आपल्यापैकी जे एकटे राहतात त्यांतल्या एकाला आजच फोन करा. काही काम नसले तरी चालेल. "जेवलात का?" एवढे विचारले तरी पुरे.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम!