दोरीचा साप, मनाचा ताप

नागपंचमीमुळे शिराळ्याचे नाव सर्वदूर गेले आहे. साप म्हणजे काय, हे बत्तीस शिराळ्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. तरीही रात्री गोठ्याकडे जाताना पायाखाली दोरी आली, तर त्याच्याही छातीत धस्स होतेच. बॅटरीचा झोत टाकला की दोरी दिसते, पण छातीतली धडधड लगेच थांबत नाही. भीती खोटी निघाली तरी शरीराला झालेला त्रास खरा असतो.

नकारात्मक विचारांचेही असेच आहे. 'माझे काही चांगले होणार नाही', 'लोक मला हसतात', 'मी कुटुंबावर भार झालो आहे' हे विचार पुष्कळदा दोरीचे साप असतात. परंतु त्यांच्यामुळे झोप उडते, भूक मरते, डोके दुखते, पोट बिघडते, माणूस चिडचिडा होतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे.

विचाराला जाब विचारा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो. त्या विचाराला पुरावा मागावा, आणि तो टिकत नसेल तर बदलावा. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. मात्र एलिस यांच्या कितीतरी आधी आपल्याच महाराष्ट्रातील एका बाईने स्वतःच्या मनाशी असाच वाद घातला होता. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857च्या उठावात फाशी झाली. त्याचा धसका लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा घेतला, की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू, अगदी मीठ आणि साखरसुद्धा, धुऊन घ्यायची! एका माणसाच्या मनातली भीती सगळ्या घराचा नियम होऊन बसली. असे नियम आजही आपल्या घरांतून असतात, फक्त त्यांचे रूप बदललेले असते.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. रडून रडून प्रकृती ढासळली. शिक्षण बेताचे होते, तरी मनातले दुःख कवितेत मांडण्याचा आधार त्यांना सापडला. पुढे नगर जिल्ह्यात त्या पतीजवळ राहायला आल्या, पण लहानपणापासून भिनलेले सोवळे काही सुटेना.

मग एके दिवशी त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला, की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरात दिसला नसता का? जन्म आणि मरण तर सगळ्यांचे सारखेच. मनाला उत्तर मिळाले आणि त्यांनी ठरवले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. विचार पटला एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. रोजचे वागणे बदलले. 1900 साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

1919 साली टिळक वारले. तेव्हा लक्ष्मीबाईंची पन्नाशी उलटली होती. आता सगळे संपले, असे वाटण्याचेच ते वय आणि तो काळ. पण प्रार्थना आणि काम त्यांनी सोडले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचून पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीला एक अमोल ग्रंथ दिला. त्यातला विनोद वाचताना, इतके सोसलेली बाई इतके हसवते कशी, याचे नवल वाटते.

श्रद्धा काय करते?

ख्रिस्ती श्रद्धेत या दुखण्यावर दोन बोलकी उदाहरणे आहेत. पहिले संत पौलाचे. फिलिप्पैकरांस त्याने पत्र लिहिले ते तुरुंगातून. त्याच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो, की चिंता मनात घोळवत न बसता ती प्रार्थनेत देवापुढे ठेवा, आभारही माना, आणि जे सत्य व चांगले आहे त्याचे चिंतन करा. नुसते 'काळजी करू नका' म्हणून तो थांबत नाही. त्या जागी काय करायचे, तेही सांगतो.

दुसरे उदाहरण एलीया संदेष्ट्याचे. जिवाच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि 'आता मरण येऊ दे' म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले. मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोप, पुन्हा जेवण. अंगात बळ आल्यावर त्याला चालायला लावले, नवे काम दिले, आणि 'तू एकटा नाहीस, आणखी सात हजार तुझ्यासारखे आहेत' हे सांगितले. झोप, अन्न, चालणे, काम आणि सोबत या पाचही गोष्टी आजचे डॉक्टरही सुचवतात.

रोज एवढे करून पाहा

1. झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरवा. रात्री उशिरापर्यंत मोबाईल नको. संध्याकाळनंतर चहा टाळा.

2. सकाळी अर्धा तास चाला. मोरणेचा काठ आहे, शेताचा बांध आहे; त्याला पैसे पडत नाहीत.

3. छळणारा विचार वहीत लिहा. शेजारी लिहा: 'याला पुरावा काय? हेच शेजाऱ्याच्या बाबतीत घडले असते, तर मी त्याला काय सांगितले असते?'

4. झोपण्यापूर्वी प्रार्थना करा. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवून आभार माना. ख्रिस्ती घरात बायबल उघडेल, दुसऱ्या घरात हरिपाठ होईल. आपली श्रद्धा असेल तिचा आधार घ्या.

5. दारू आणि तंबाखूने दुःख बुडत नाही. दारूने उदासी वाढते आणि झोपही मोडते.

6. आठवड्यातून एकदा तरी चारचौघांत जा. चर्चची उपासना असो, भजन असो, की एखाद्या आजाऱ्याची विचारपूस.

डॉक्टरांची लाज नको

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेना, झोप आणि भूक गेली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार असू शकतो. 'तुझी श्रद्धाच कमी पडते' असे म्हणून रोग्याला दुखवू नये. एलीयाची श्रद्धा काय कमी होती? औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, ते मनाने बंद करू नये.

आपल्या जिल्ह्यातच याचा दाखला आहे. डॉ. विल्यम वॉनलेस हे धर्मसेवेसाठी आलेले गृहस्थ, पण 1894 साली त्यांनी मिरजेत उभारले ते रुग्णालय. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येतात, असे त्यांना कधी वाटले नाही.

सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. क्रमांक 14416. रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. घरातले कोणी मरणाची भाषा करू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, जवळ बसा, ऐकून घ्या आणि दवाखान्यात घेऊन जा.

अंधारात दोरी साप वाटली, यात लाजण्यासारखे काही नाही. बॅटरी मात्र लावली पाहिजे, आणि आपला हात कापत असेल तर दुसऱ्याला लावायला सांगितली पाहिजे.