कारागिराचा बाजारहाट

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. परंतु घर बांधवून घेणाऱ्याइतकाच ते प्रत्यक्ष बांधणारा गवंडीही या कामात कसोटीस लागतो. साहित्यासह अंगावर घेतलेल्या कामात माल महाग पडला, तर ती तूट त्याला घरखर्चातून सोसावी लागते. म्हणून अवजारे आणि बांधकामाचे साहित्य रास्त भावात कोठे घ्यावे, हा त्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाचा प्रश्न होय.

रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या गवंड्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या शहराच्या पश्चिमेस भिलाई आहे. तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. शहरालगत उरला व सिलतरा येथे लोखंडाचे कारखाने आहेत, तर भोवतालच्या प्रदेशातील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. जड मालाच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. तो येथे कमी पडतो. तेव्हा गज आणि सिमेंट पुष्कळ लागणार असेल, तर ठोक विक्रेत्याकडे जावे. थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ ही हातची अवजारे जुन्या पेठेत चार दुकाने हिंडून, हाती धरून पाहूनच घ्यावीत. मात्र पावशेर खिळ्यांसाठी घराजवळचे दुकानच बरे. त्यापायी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, तर वाचलेल्या चार रुपयांना अर्थ उरत नाही.

तथापि दुकान चांगले निवडले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरा भाव वजनात आणि मापात असतो. १२ मिलिमीटर जाडीच्या गजाचे प्रमाणित वजन मीटरला ०.८८८ किलोग्रॅम, म्हणजे १२ मीटर लांबीच्या गजाचे सुमारे १०.६६ किलोग्रॅम भरते. भारतीय मानकाप्रमाणे या जाडीच्या मालाच्या वजनात ५ टक्क्यांपर्यंत कमीअधिक चालते. शंभर गजांत हा फरक ५३ किलोग्रॅमपर्यंत जातो. नगावर स्वस्त वाटणारा गज काट्यावर महाग ठरतो, तो असा. यास्तव दोन दुकानांच्या भावांची तुलना नेहमी किलोवर करावी.

रेतीची गोष्ट वेगळी. ती घनफुटावर विकली जाते आणि किंचित ओली असली की फुगते. हा फुगवटा पाव भागापर्यंत असू शकतो. ओल्या रेतीची गाडी भरलेली दिसते, पण तीत रेती कमी असते. सिमेंटच्या ५० किलोग्रॅमच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते, ते वाचावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते. असे पोते स्वस्त मिळाले तरी घ्यावयाचे नाही, कारण त्यावर कोणाचे तरी छप्पर उभे राहणार असते.

भाव विचारताना कर, वाहतूक आणि हमाली धरून विचारावा. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. पक्की पावती अवश्य घ्यावी. माल खोटा निघाल्यास तोच आपला पुरावा.

एवढे सर्व ठाऊक असूनही अनेक कारागीर महाग माल घेतात, याचे कारण उधारी. ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्याशी घासाघीस करावयाची कशी? या अडचणीवर एक उपाय १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आहे. गवंडी, सुतार, लोहार यांच्यासह अठरा व्यवसायांतील पात्र कारागिरांना तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने, तारणावाचून, दोन हप्त्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ घेता येतो. शेजारच्या तीन-चार कारागिरांनी मिळून एकदम माल आणला, तर गाडीभाडेही वाटून जाते.

स्वस्त माल कोठे मिळतो, याचे उत्तर म्हणून एकाच दुकानाकडे बोट दाखविता येत नाही. जेथे काटा समोर आहे, पावती हाती आहे आणि खिशात रोख पैसा आहे, तेथेच कारागिराला रास्त भाव मिळतो.