भुट्टोंनी ‘निरुपद्रवी’ म्हणून निवडलेला जनरल: झिया उल हक गेले, त्यांचे कायदे राहिले

समजा, तुम्ही मतदानाला गेलाय. मतपत्रिकेवर एकही उमेदवार नाही, एकही पक्षाचं चिन्ह नाही. आहे तो फक्त एक लांबलचक प्रश्न. देशाचे कायदे इस्लामला धरून करण्याची, देशाची विचारसरणी जपण्याची आणि लोकप्रतिनिधींकडे सुरळीत सत्ता सोपवण्याची जी प्रक्रिया राष्ट्रपतींनी सुरू केलीय, तिला तुमचा पाठिंबा आहे का? हो की नाही?

आता यावर ‘नाही’ कोण म्हणणार? पण खरी मेख पुढे आहे. ‘हो’ला बहुमत मिळालं, तर त्याचा अर्थ हे राष्ट्रपती पुढची पाच वर्षं खुर्चीवर राहणार, असा धरला जाणार होता. म्हणजे प्रश्न इस्लामचा आणि उत्तर मात्र एका माणसाच्या नोकरीबद्दल.

ही कल्पना नाहीये. १९ डिसेंबर १९८४ ला पाकिस्तानात हे खरंच घडलं. विरोधकांनी बहिष्कार टाकला, तर बहिष्काराचा प्रचार करणं हाच गुन्हा ठरवला गेला. सरकारने जाहीर केलेला निकाल होता ९७ टक्क्यांहून जास्त ‘हो’. राष्ट्रपतींचं नाव जनरल मुहम्मद झिया उल हक.

पाकिस्तानात लष्करशहा बरेच झाले. अयुब खान, याह्या खान, अलीकडचे मुशर्रफ. पण आज तिथे एखाद्यावर ईशनिंदेचा आरोप होतो आणि जमाव गोळा होतो, अशी बातमी तुमच्या फीडमध्ये येते, तेव्हा तिचा धागा शोधत गेलात तर तो बहुतेक वेळा याच माणसापाशी पोचतो. म्हणून त्यांची गोष्ट जरा नीट समजून घेऊ.

झियांचा जन्म १९२४ चा, आपल्या जालंधरचा. शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटिश इंडियन आर्मीत अधिकारी झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानी लष्करात गेले. नमाज-रोजे पाळणारा, मृदू बोलणारा, भेटायला आलेल्याला गाडीपर्यंत सोडायला जाणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

१९७१ च्या युद्धात लष्कराची पार अब्रू गेली होती आणि सत्ता झुल्फिकार अली भुट्टोंकडे आली होती. भुट्टो हुशार, पण जनरल लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांना असा लष्करप्रमुख हवा होता, जो मान खाली घालून काम करेल. १९७३ मध्ये भुट्टोंविरुद्ध कट रचल्याच्या आरोपाखाली काही लष्करी अधिकाऱ्यांचं कोर्ट मार्शल अटकमध्ये झालं, त्याचे प्रमुख झिया होते. तेव्हाच ते भुट्टोंच्या नजरेत भरले. एक किस्सा कायम सांगितला जातो. झिया सिगारेट ओढत असताना अचानक भुट्टो समोर आले, तेव्हा झियांनी ती जळती सिगारेट तशीच खिशात कोंबली. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण त्या काळात झियांची प्रतिमा काय होती, हे त्यातून कळतं.

१ मार्च १९७६ ला भुट्टोंनी अनेक ज्येष्ठ जनरल डावलून झियांना लष्करप्रमुख केलं.

तिथून जेमतेम सोळा महिने गेले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत भुट्टोंच्या पक्षाने २०० पैकी १५५ जागा जिंकल्या आणि नऊ विरोधी पक्षांची आघाडी मतांची चोरी झाली म्हणून रस्त्यावर उतरली. भुट्टोंनी शांत करण्यासाठी काय करावं? दारूबंदी जाहीर केली, जुगार बंद केला, साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी केली. म्हणजे धर्माचं हत्यार आधी बाहेर काढलं ते भुट्टोंनी. झियांबद्दल लिहिताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो.

५ जुलै १९७७ च्या पहाटे लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन फेअर प्ले’. झियांनी टीव्हीवरून सांगितलं, मला राजकारणात रस नाही, ९० दिवसांत निवडणुका घेऊन बराकीत परत जाणार.

ते ९० दिवस कधीच संपले नाहीत. ऑक्टोबरची निवडणूक पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. झियांचं पद होतं ‘चीफ मार्शल लॉ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे सीएमएलए. लोक म्हणायचे, त्याचा खरा अर्थ ‘कॅन्सल माय लास्ट अनाउन्समेंट’, माझी मागची घोषणा रद्द समजा! सप्टेंबर १९७८ मध्ये ते राष्ट्रपतीही झाले आणि लष्करप्रमुखपद मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

दरम्यान भुट्टोंचं काय करायचं, हा प्रश्न होता. बाहेर सोडलं तर ते पुन्हा निवडून येणार हे उघड होतं. १९७४ मधल्या एका खुनाचा कट रचल्याचा खटला उघडला गेला. लाहोर हायकोर्टाने फाशी सुनावली. सुप्रीम कोर्टात सात न्यायाधीशांपैकी चार फाशीच्या बाजूने, तीन विरोधात. एका मताचा फरक. जगभरातून दयेची विनंती करणारी पत्रं आली. झियांनी ऐकलं नाही. ४ एप्रिल १९७९ ला मध्यरात्रीनंतर रावळपिंडीच्या तुरुंगात भुट्टोंना फाशी दिली गेली. ज्याला मान खाली घालणारा म्हणून निवडला होता, त्यानेच सही केली.

त्या वेळी झिया जगात एकटे पडले होते. अमेरिकेने मदत तोडली होती. पण नशीब म्हणा की भूगोल, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि रातोरात झियांचा भाव वधारला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले. झियांचं उत्तर होतं: शेंगदाणे! इंग्रजीत ‘पीनट्स’ म्हणजे अगदीच किरकोळ रक्कम. आणि कार्टर स्वतः भुईमुगाचे शेतकरी. पुढे रोनाल्ड रेगन आले आणि १९८१ मध्ये ३२० कोटी डॉलरचं पॅकेज ठरलं, शिवाय एफ-१६ विमानं. लोकशाहीबद्दल वॉशिंग्टनमधून विचारणा जवळपास बंद झाली. अफगाण मुजाहिदीनपर्यंत पैसा आणि शस्त्रं पोचवायचं काम आयएसआयकडे आलं. सुमारे ३० लाख निर्वासित पाकिस्तानात आले आणि त्यांच्या मागून हेरॉईन आणि कलाश्निकोव्हही. आयएसआय आज जी आहे, ती या दशकात तशी झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. निवडून न आलेल्या माणसाला सत्तेवर राहायला काहीतरी अधिकार लागतो. झियांनी तो धर्मातून मिळवला आणि भाषणं करून न थांबता तो कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवला.

फेब्रुवारी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आले. चोरीला हात तोडणं, दारूला फटके वगैरे. हात तोडायची शिक्षा कधी अमलात आली नाही, चाबकाचे फटके मात्र लोकांसमोर मारले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, फटके खाणाऱ्यांत पत्रकारही होते. (हे वाचून लिहिताना माझे हात क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू.) पण सगळ्यात भयंकर भाग बलात्काराच्या कायद्यात होता. कमाल शिक्षेसाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुष साक्षीदार हवेत. बलात्कार सिद्ध झाला नाही, तर तक्रार करणाऱ्या बाईवरच व्यभिचाराचा खटला चालू शकत होता. १९८३ मध्ये साहिवाल भागातल्या एका अंध मुलीच्या बाबतीत हेच झालं. ती गरोदर राहिली, आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि तिला तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा झाली. देशभर आणि देशाबाहेर गदारोळ उठल्यावर वरच्या कोर्टाने ती रद्द केली.

त्याच वर्षी काही व्यवहारांत दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरायचा कायदा येऊ घातला होता. १२ फेब्रुवारी १९८३ ला लाहोरमध्ये बायका मोर्चा घेऊन हायकोर्टाकडे निघाल्या. मार्शल लॉ चालू असताना! पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. पाकिस्तानात हा दिवस आता महिला दिन म्हणून पाळला जातो. आणि ‘हम देखेंगे’ तुम्ही रीलवर कधी ना कधी ऐकलं असेलच. फैज यांची ती नज्म इक्बाल बानो यांनी लाहोरमध्ये भर मैफलीत गायली, ती १९८६ मध्ये, याच राजवटीत. रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या कुणाविरुद्ध होत्या, हे आता वेगळं सांगायला नको.

१९८० मध्ये जकात वसुलीचा नियम आला. रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतल्या बचत खात्यातून अडीच टक्के रक्कम सरकार कापून घेणार. शियांचं म्हणणं, आमच्या फिकहमध्ये असं सरकारला देणं बसत नाही. त्यांनी इस्लामाबादेत प्रचंड आंदोलन केलं आणि सूट मिळवली. पण इथेच एक गोष्ट स्पष्ट झाली. राज्य इस्लामी करायचं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणाचा इस्लाम? शिया-सुन्नी हिंसाचार पुढच्या काळात वाढत गेला. १९८४ मध्ये अहमदियांना स्वतःला मुस्लिम म्हणवणं, प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं हाही गुन्हा झाला.

आणि ईशनिंदा. याचं मूळ इंग्रजांच्या दंड संहितेत आहे. कलम २९५-ए हे १९२७ चं, आणि ते आपल्याकडेही होतं. पण झियांच्या काळात त्यात भर पडली. १९८२ मध्ये २९५-बी, कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप. १९८६ मध्ये २९५-सी, पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. जुन्या २९५-ए मध्ये ‘जाणूनबुजून, दुष्ट हेतूने’ हे शब्द आहेत. २९५-सी मध्ये हेतूची ही अटच नाही. त्यामुळे जमिनीचा वाद असो की शेजाऱ्याशी भांडण, आरोप करणं सोपं झालं. सरकारने आजवर या कलमाखाली कुणाला फाशी दिलेली नाही. जमावाने मात्र अनेकांना मारलं. या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या.

हे सगळं चालू असताना भारतासमोर झिया हसतमुखच असायचे. १९८६-८७ मध्ये भारतीय लष्कराचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव राजस्थानात चालला होता, सीमेवर दोन्हीकडे फौजा होत्या. अशात फेब्रुवारी १९८७ मध्ये झिया कसोटी सामना बघायला थेट जयपूरला हजर! याच सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर इम्रान खानने आपल्या सुनील गावसकरांना शून्यावर बाद केलं होतं. गोड हसणं हे झियांचं जुनंच शस्त्र होतं, भुट्टोंना विचारायला हवं होतं.

१९८५ मध्ये त्यांनी पक्षांशिवाय निवडणुका घेतल्या, मुहम्मद खान जुनेजो पंतप्रधान झाले. पण त्याच वर्षी आठव्या घटनादुरुस्तीचा सौदा झाला. कलम ५८ (२) (बी) नुसार राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने संसद बरखास्त करू शकणार होते. जुनेजो स्वतंत्र बुद्धीने वागू लागले, तसं २९ मे १९८८ ला झियांनी ते कलम वापरून त्यांना घरी पाठवलं.

अडीच महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९८८ ला, झिया बहावलपूरजवळ अमेरिकन रणगाड्यांची चाचणी बघायला गेले. परतताना त्यांचं सी-१३० विमान उडाल्यावर काही मिनिटांतच कोसळलं. सोबत बडे जनरल आणि अमेरिकेचे राजदूत अरनॉल्ड राफेल होते, कुणीही वाचलं नाही. पाकिस्तानी चौकशीत घातपाताचा संशय, अमेरिकी तज्ज्ञांच्या मते यांत्रिक बिघाड. विमानात चढवलेल्या आंब्यांच्या पेट्यांत काहीतरी होतं, ही चर्चा तर इतकी चालली की मोहम्मद हनीफ यांच्या कादंबरीच्या नावातच आंबे आले.

झिया गेले, भुट्टोंची मुलगी बेनझीर पंतप्रधान झाली. गोष्ट इथे संपायला हवी होती ना? पण ५८ (२) (बी) जागेवरच होतं. १९९० मध्ये त्याने बेनझीर गेल्या, १९९३ मध्ये नवाझ शरीफ, १९९६ मध्ये पुन्हा बेनझीर. शरीफ तर झियांच्याच काळात पंजाबचे मंत्री आणि मग मुख्यमंत्री म्हणून वर आले होते. वडिलांना फासावर देणाऱ्याचे हुदूद कायदे बेनझीरना दोनदा सत्तेत येऊनही रद्द करता आले नाहीत. २००६ मध्ये बलात्काराचं कलम पुन्हा दंड संहितेत आणलं गेलं, तेही मुशर्रफ या दुसऱ्या जनरलच्या काळात. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने ५८ (२) (बी) गेलं आणि घटनेत राष्ट्रपती म्हणून लिहिलेलं झियांचं नावही काढलं गेलं.

२९५-सी तसंच आहे. १९९० मध्ये शरियत कोर्टाच्या निर्णयाने त्यातला जन्मठेपेचा पर्यायही गेला.

मार्च २०२४ मध्ये पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने, फाशीला ४५ वर्षं होत आली असताना, एकमताने सांगितलं की भुट्टोंचा खटला निष्पक्ष नव्हता. सोबत हेही सांगितलं की तो जुना निकाल रद्द करायची तरतूद कायद्यात नाही.